आवाज एकाच बाजूला

६ जानेवारी

नवी वही. पूर्वी पत्र लिहायला बसलं की आधी घरातल्या एकेकाची प्रकृती विचारायची, मग बाकीचं. पत्रं बंद झाली, सवय राहिली. म्हणून वही उघडण्याआधी सकाळीच फोन घेऊन बसले आणि सगळ्यांची विचारपूस उरकली. नीरज पुण्यात बरा आहे, पाठ दुखते. खुर्ची बदल म्हटलं तर "आई, बघतो" म्हणाला, म्हणजे बदलणार नाही. सूनबाईचा, स्वातीचा, खोकला उतरलाय. नाशिकची भाची क्षितिजा, तिचा घसा बसला होता तो सुटला. तिचा घसा म्हणजे आमच्या घरचं धान्य, म्हणून दोनदा विचारलं. समोरच्या दारातली हेमाली गुडघ्यातलं पाणी काढून आलीये, हळूहळू चालतेय. माझं ठीक. शेवटी ह्यांना विचारलं, "आणि तुमची तब्येत कशी काय?"

"डोळे सोडले तर इंजिन नवं आहे," म्हणाले.

खोटं नाही. काचबिंदूने नजर नेली त्याला बरीच वर्षं झाली, पण कान असे की काय सांगू. बसडेपोत मेकॅनिक होते तेव्हा स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून सांगायचे, कुठलं बेअरिंग बोलतंय ते. आता इथे मीरा रोडला लिफ्टचं दार उघडलं की पावलांवरून सांगतात कोण आलं. हेमालीची चप्पल तर ते तळमजल्यावरून ओळखतात.

बोटीच्या इंजिनखान्यात आयुष्य काढलेल्या एका माणसाच्या आठवणींचं जुनं पुस्तक ह्यांच्याकडे आहे. बाजारात मिळत नाही, कोणी वाचून रेकॉर्डही केलेलं नाही. दिवाळीत क्षितिजा ते नाशिकला घेऊन गेली आणि मामासाठी थोडं थोडं वाचून पाठवते. पण तिच्याकडून येतं ते एम-फोर-बी, तीनचार प्रकरणं एकाच लांबलचक फाइलीत शिवलेली. ह्यांचा खिशातला प्लेअर एमपी-थ्रीशिवाय कशाला ओळख देत नाही. फोनवर ऐका म्हटलं तर म्हणतात, काचेवर बोटाने धरायचं काय. प्लेअरची बटणं उंच आहेत. त्यातलं एक दाबून धरलं की ऐकलेल्या जागी खूण पडते, दुसऱ्या दिवशी बरोबर तिथून सुरू.

मी जुनी मॅट्रिक. लॅपटॉप नीरजने टाकून दिलेला. व्हिडिओ बघत, चुकत, शिव्या खात शिकले. फाइल उसवायची, प्रकरणवार कापायची, एमपी-थ्री करायची, नंबर घालायचे. शिवणकामच आहे, फक्त कापड दिसत नाही.

९ जानेवारी

क्षितिजाने नवा माइक घेतला आणि घोळ झाला. हे म्हणाले, "पोरगी उजव्या कानातच बोलतेय. डावीकडे शुकशुकाट."

लॅपटॉपवर फाइल उघडली तर दोन पट्ट्या दिसतात, वरची डाव्या कानाची, खालची उजव्या. खालच्या पट्टीत डोंगररांगा, वरची मिठागरासारखी सपाट. माइकची करामत. शोधता शोधता सापडलं की दोन्ही बाजू एकत्र मिसळून दोन्हीकडे सारख्या वाटता येतात. केलं. जेवण होईपर्यंत सगळी प्रकरणं पुन्हा भरली. नवीन फाइली भरल्या की जुन्या खुणा जातात, त्यावरून बोलणी खाल्ली ती वेगळी. "अगं, बॉयलर फुटायला आला होता तिथे ठेवली होती खूण. आता शोधू कुठे?"

पण दोन्ही कानांत आवाज आल्यावर खूश. म्हणाले, "आता कशी समोर बसून वाचतेय."

११ जानेवारी

आजचा दिवस वाईट. सकाळी उठायला गेले आणि पलंगाची कड धरून बसले. खाट फिरतेय म्हणाले. एकदा उलटी झाली. साखर बघितली, ठीक. काल हेमालीने उंधियू पाठवला होता, त्यातला हिरवा लसूण आणि तेल. मी नको नको म्हणत होते तरी दोनदा घेतला. लिंबूपाणी दिलं, झोपवलं.

दुपारी जरा बरं वाटल्यावर प्लेअर मागितला. दोनच मिनिटांत म्हणाले, "परत तेच. डावीकडे नाही."

मी फाइल उघडून पाहिली. दोन्ही पट्ट्यांत डोंगर. इयरफोन माझ्या कानात घालून पाहिला, मला दोन्हीकडे ऐकू आलं. तसं सांगितलं तर म्हणाले, "तुझे कान कढईच्या आवाजाने बधिर झालेत." हे मात्र खरं असेल, आमच्या घरात कान म्हणजे ह्यांचे.

मग त्यांनी एक केलं. डाव्या वायरीला मी ओळखायला दोऱ्याची गाठ मारून दिलीय. ती गाठवाली बाजू त्यांनी उजव्या कानात घातली आणि दुसरी डाव्या. बराच वेळ ऐकत राहिले. पुन्हा होते तसे घातले. मग अगदी हळू म्हणाले, "फाइलच खराब आहे. परत कर."

हे कधी इतक्या हळू बोलत नाहीत. अंगात त्राण नसेल. मी सगळं परत केलं, या वेळी वेगळ्या पद्धतीने. खुणा परत गेल्या. म्हटलं आता आरडाओरडा होणार. नुसतं "असू दे" म्हणाले.

१३ जानेवारी

आता नवीन तक्रार. फाइलीत बारीक शिट्टी आहे म्हणे, सारखी, एका सुरात. मी आवाज साफ करायचं एक साधन शोधलं. ते चालवलं तर क्षितिजा पाण्याखालून बोलल्यासारखी वाटायला लागली. मग फाइलीचा दर्जा वाढवून ती जाड करून पाहिली, मग कमी करून बारीक. शिट्टी आहे तशीच.

शेवटी प्लेअर घेऊन भाईंदरला मितेशच्या दुकानात गेले. त्याच्याकडूनच घेतला होता. त्याने स्वतःच्या कानात घालून बघितलं, दुसऱ्या मोठ्या हेडफोनवर बघितलं. "आंटी, दोनों साइड एकदम क्लियर छे. सीटी-वीटी कुछ नहीं है. अंकलनो कान बहु तेज, वो तो मेरी दुकान की घडी का भी फॉल्ट बताते हैं."

तरी नवीन इयरफोन घेतला. घरी येऊन डाव्या वायरीला गाठ मारली आणि लावला. "आता?" विचारलं. "बरं आहे," म्हणाले.

मला हायसं वाटलं. चहा टाकायला वळले तर मागून म्हणाले, "कुकर उतरव गं, शिट्टी जात नाहीये त्याची." कुकर घासून पालथा ठेवलेला होता. मी हसले. ते हसले नाहीत.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ यंदा जमून आला. ह्यांनी एकच वडी घेतली, साखरेला भिऊन नाही, मन नव्हतं.

क्षितिजाची फाइल आली आणि पोरीने काय गोंधळ घातलाय. मधली पाच प्रकरणं सोडून एकदम शेवटचं पाठवलंय. ह्यांना म्हटलं, "तिला फोन करून सांगते, नंबर चुकला."

"नको. तू भर प्लेअरमध्ये."

"अहो, मधलं न ऐकता शेवट?"

"भरून ठेव म्हटलं ना."

सणासुदीला कशाला वाद. भरला. नाव दिलं, "शेवट, आत्ता ऐकू नका," आणि त्यांना वाचून दाखवलं.

१५ जानेवारी

चौक कोळीवाड्याची चांदणी मासळीची पाटी घेऊन खाली गेटपाशी बसते. हे काठी घेऊन माझ्याबरोबर उतरतात, तिच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय त्यांचा बुधवार जात नाही. आज मी पिशवी विसरले म्हणून लिफ्टपाशी परतले, तेवढ्यात चांदणीने त्यांना हाक मारली. ती डावीकडे, हे वळले उजवीकडे, आणि उभ्या केलेल्या स्कूटरवर आदळले. नडगी सोलली.

"बाबा, मी हिकडं हाय. तिकडं कोन न्हाय," चांदणी ओरडली.

"तू जागा का बदलतेस सारखी?" हे तिच्यावर खेकसले. तिच्यावर ते कधी खेकसत नाहीत. ती बिचारी पाटीमागून उठलीसुद्धा नव्हती. मी आले तर मला म्हणाली, "बाबांचा जीव ठिकानावर न्हाय. काय झालंय?"

काय सांगू. पुस्तक नीट लागत नाहीये म्हणून कावलेत, म्हटलं. तिने बोंबील कागदात बांधून दिले.

हळद लावून पट्टी बांधली. बोंबील तसेच राहिले, कोणी जेवलं नाही नीट.

१६ जानेवारी

आजचं आजच लिहून काढते.

सकाळी ठरवलं, या फाइलीचा एकदा निकाल लावायचा. परीक्षेची फाइल करायची, वरच्या पट्टीत फक्त माझा आवाज "डावा", मग खालच्या पट्टीत फक्त "उजवा". म्हणजे नक्की कुठे गळतंय ते कळेल. लॅपटॉपसमोर बसले, रेकॉर्ड दाबलं, तोंड उघडणार तेवढ्यात हेमाली दारात. गॅसवर दूध. मी बसल्या जागेवरूनच ओरडले, "हेमाली, रुको ना, दूध ऊपर आ रहा है." ती गेल्यावर पुन्हा बसले आणि "डावा" नीट म्हटलं, मग "उजवा". पहिलं फेकून दुसरं घेतलं, फाइल केली, प्लेअरमध्ये भरली.

ह्यांना खुर्चीत बसवलं. म्हटलं, "आधी डाव्यात येईल, मग उजव्यात. आलं की सांगा."

बटण दाबलं. ते मान सरळ करून बसले, परीक्षेला बसल्यासारखे. थोडा वेळ गेला. "आला," म्हणाले. "डावा म्हणालीस. अगदी स्पष्ट." मग लगेच, "आता उजवा. दोन्ही आले. झाली तुझी फाइल बरोबर."

एवढी खटपट केली त्याचं चीज झालं. आपलंच काम आपल्या कानाने ऐकावं म्हणून मी इयरफोन घेतला. डावीकडे मीच ओरडत होते, हेमाली, रुको ना, दूध ऊपर आ रहा है. फेकायचं ते ठेवलं होतं आणि ठेवायचं ते फेकलं होतं. "डावा" हा शब्द फाइलीत कुठेच नव्हता.

मला आधी वाटलं, गंमत करतायत. म्हटलंसुद्धा, "काय हो, दूध उतू गेलं ते नाही ऐकलंत?"

त्यांचा चेहरा बघितला.

मी त्यांच्या डाव्या बाजूला गेले, उजव्या कानावर हात ठेवून दाबला आणि नाव घेऊन हाक मारली. लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच, त्यानंतर आज. दशरथ. एकदा. मग मोठ्याने. ते समोर बघत बसले. मग माझ्या हातावर स्वतःचा हात ठेवून म्हणाले, "बोललीस का काही?"

मी कानावरचा हात काढला. तेच बोलले. "गाठ उलटी घातली त्या दिवशीच कळलं मला. आवाज उजव्या कानात येत होता, कुठलीही बाजू घाल."

"मग फाइल खराब का म्हणालात?"

"फाइल दुरुस्त होते."

शेवटचं प्रकरणही त्यांनीच मागवलं होतं. मी मितेशकडे गेले तेव्हा हेमालीकडून क्षितिजाला फोन लावून घेतला, कारण न सांगता. दुसराही कान जायच्या आत त्या माणसाचं काय झालं ते ऐकून ठेवायचं होतं. "पण ऐकवेना," म्हणाले. "तीनदा लावलं, तीनदा बंद केलं. डोळ्यांच्या वेळी डॉक्टर म्हणाला होता, गेलेलं परत येत नाही. ते वाक्य परत एकदा ऐकायला जायचं नव्हतं मला."

आज दवाखान्याची वेळ संपली. उद्या पहिला नंबर.

१७ जानेवारी

रिक्षात सवयीने त्यांच्या डाव्या बाजूला बसले आणि रस्ताभर धीर देत होते. ते मान हलवत होते. दवाखान्याच्या दारात लक्षात आलं की एक शब्द पोचला नसणार.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण घाई करत नाहीत. ह्यांना एका छोट्या बंद खोलीत बसवलं, काचेतून मला दिसत होतं. कानावर हेडफोन, हातात बटण, आवाज आला की दाबायचं. उजव्या कानाच्या वेळी अंगठा भराभर चालला. बाई खूश होऊन म्हणाल्या, या वयात असा कान कमी बघते. मग डावा. अंगठा बटणावर नुसता ठेवलेला. अधूनमधून दाबत होते, पण बाईंनी मला खूण करून सांगितलं, आत्ता काही वाजत नाहीये.

बाईंनी सांगितलं ते असं. कानाची नस एकाएकी बसते कधीकधी. गरगरणं, शिट्टी, सगळं त्याचंच. "काका, कधीपासून?"

"अकरा तारखेपासून," हे म्हणाले. विचार करावा लागला नाही त्यांना.

बाई म्हणाल्या, त्याच दिवशी आला असतात तर जास्त बरं. अजूनही उशीर झालाय असं मी म्हणणार नाही, पण आता एक दिवस घालवायचा नाही. गोळ्यांनी साखर भडकेल, म्हणून औषध थेट कानाच्या पडद्यातून सुईने. चारपाच दिवसांच्या अंतराने. परत येईल का विचारलं तर म्हणाल्या, काहींचं पूर्ण येतं, काहींचं थोडं, काहींचं नाही.

"काहींचं येतं," हे म्हणाले. पुन्हा विचारलं, "म्हणजे येतं?"

पहिली सुई आजच दिली. माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी वाढवली.

मी ज्या दिवशी फाइल परत परत शिवत बसले आणि उंधियूला नावं ठेवली, तो दिवस डोळ्यांपुढून हलत नाही. हेमालीला सांगितलं तर म्हणाली, "भाभी, मेरा उंधियू तो बच गया ना." हसवायला बघत होती. मग दारातच बसून रडली.

२१ जानेवारी

दुसरी सुई. फरक नाही. मी आता बोलायचं झालं की उजवीकडे जाते. स्वयंपाकघरातून हाक मारली तर ते उठून उभे राहतात आणि कुठल्या दिशेला जायचं ते कळत नाही, मधेच थांबतात. पूर्वी आवाजाचा माग काढत सरळ ओट्यापाशी यायचे. दोन दिवस मी हाकच मारली नाही. तर म्हणाले, "अबोला धरलायस का? हाक मार. चुकेन, आपटेन, मार."

प्लेअर टेबलावर पडून आहे. चार्जसुद्धा केलेला नाही.

२५ जानेवारी

तिसरी सुई. गरगरणं थांबलं. शिट्टी आहे. बाई म्हणाल्या, पुढच्या चाचणीपर्यंत थांबू. घरी येताना हे म्हणाले, उजवा कान सकाळपासून बंद वाटतोय. रिक्षा परत वळवली. बाईंनी बघितलं, मळ होता. काढला. बाहेर आल्यावर दोघं पायरीवर बसलो. ह्यांना हसू फुटलं, मला रडू. रिक्षावाला म्हणाला, "चाची, डॉक्टर ने क्या बोला?" मी म्हटलं, "कुछ नहीं, कचरा था."

पण धसका बसला तो बसलाच. यापुढे सर्दी झाली तरी आम्ही असेच पळणार.

३ फेब्रुवारी

चाचणी झाली. मी काचेपाशी नाक लावून उभी होते. डाव्या कानाच्या वेळी अंगठा स्थिर. स्थिर. मग एकदा दबला. मी बाईंकडे बघितलं. त्यांनी मान डोलावली, वाजलं होतं. जाडे, खर्जातले आवाज येतायत. बारीक नाहीत. बाईंनी कागदावर रेघ काढून दाखवली, एका बाजूला वर चढलेली, दुसऱ्या बाजूला खाली पडलेली. आणखी येईल का, सांगता येत नाही. थोडं थोडं ऐकवत राहा म्हणाल्या.

घरी आल्यावर हे म्हणाले, "प्लेअर दे." फक्त गाठवाली बाजू डाव्या कानात घातली. ऐकत राहिले. म्हणाले, "पातेल्यात तोंड घालून बोलतेय पोरगी. शब्द कळत नाहीत. पण आहे."

मग ते शेवटचं प्रकरण पुसून टाक म्हणाले. मी विचारलं, नक्की? "बोट अजून एडनला पोचायची आहे," म्हणाले. "आत्तापासून शेवट कशाला घेऊन बसू."

५ फेब्रुवारी

क्षितिजाला अजून काही सांगितलेलं नव्हतं. हे नको म्हणत होते, वाचताना पोरीचा आवाज ओला होईल म्हणे. आज स्वतःच म्हणाले, लिही. खालचं पत्र आधी इथे उतरवते, मग फोनवर पाठवते.

चि. क्षितिजा,

मामांचा डावा कान गेल्या महिन्यात एकाएकी गेला होता. औषध चालू आहे, थोडा परत आलाय. शेवटचं प्रकरण तुझ्याकडून घाईने मागवलं ते त्यामुळे. ते आम्ही पुसलं, रागावू नकोस. मधली पाच प्रकरणं क्रमाने पाठव. तुझ्या नव्या माइकला मी उगाच नावं ठेवली, पहिल्या खेपेपुरतीच चूक त्याची होती.

एक मागणं आहे. त्या कानाला सध्या जाडा आवाज कळतो, बारीक कळत नाही. तर घशाला त्रास न होता जमेल तेवढं खालच्या आवाजात वाचशील का? मामा म्हणतात, इंजिनखान्यातला माणूस आहे, बारीक आवाजात बोलायचाच नाही. रडत वाचलंस तर फाइल परत पाठवू, हेही त्यांनीच सांगितलंय.

आणि फोन करू नकोस, लिही. दोन ओळी असल्या तरी चालतील, पण लवकर लिही. डॉक्टरीणबाईंनी त्या कानाला रोज काहीतरी ऐकवायला सांगितलंय, आणि तुझं उत्तर मी त्यांच्या डाव्या बाजूला बसून वाचणार आहे.